बोलण्यांची किल्ली कुणाकडे?

13 फेब्रुवारी 2010. शनिवारची संध्याकाळ. कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि 17 माणसे गेली. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर थांबलेली भारत-पाकिस्तान बोलणी त्याच महिन्यात पुन्हा सुरू व्हायची होती. लगेच मागणी झाली, बोलणी रद्द करा! सरकारने ती रद्द केली नाहीत. 25 फेब्रुवारीला निरुपमा राव आणि सलमान बशीर हे दोन परराष्ट्र सचिव दिल्लीत भेटले. आपण म्हणालो, आधी दहशतवाद. ते म्हणाले, काश्मीर. संयुक्त निवेदनही निघाले नाही. दोघांनी वेगवेगळ्या पत्रकार परिषदा घेतल्या, संपले.

भेट झाली हे चांगलेच झाले. पण अशा बोलण्यांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. उर्दू अखबारात त्यांना ‘मुजाकरात’ म्हणतात. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना त्याचे मूळ सांगते, जिक्र. मग ज्याचा जिक्र व्हायला हवा तेवढेच शेवटासाठी राखून ठेवायचे, याला मुजाकरात कसे म्हणायचे?

आपल्या लोकांना पॅलेस्टाईनचे उदाहरण लवकर पटते, म्हणून तेच घेते. सप्टेंबर 1993 मध्ये वॉशिंग्टनला राबीन आणि अराफात यांनी हात मिळवले. करारात जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा हे सगळे पुढच्या टप्प्यावर ढकलले होते. आधी इस्रायलची सुरक्षा, मग तुमच्या जमिनीचे बघू. त्या टप्प्यातून तोडगा कधी निघालाच नाही. तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून पश्चिम किनाऱ्यावर साधारण 1 लाख 10 हजार वसाहतवाले होते, आज 5 लाखांच्या वर आहेत. फेब्रुवारी 1994 मध्ये, ऐन रमजानात, हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत फज्रच्या वेळी एका ज्यू माथेफिरूने 29 नमाजी मारले. एप्रिलमध्ये हमासच्या आत्मघातक्यांनी इस्रायलमध्ये बसप्रवासी मारले. पुढच्या वर्षी राबीन यांना त्यांच्याच धर्माच्या तरुणाने गोळ्या घातल्या. एकमेकांचे हे जानी दुश्मन, पण हवे होते तिघांनाही एकच! 2025 च्या गाझा योजनेतही पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख शेवटी शेवटी येतो, तोही अटी घालून.

इकडे आपल्याकडे ‘दहशत थांबेपर्यंत बोलणी नाहीत’ हे वाक्य फार मर्दानी वाटते. नीट ऐका. बोलणी कधी बंद करायची हे बॅग ठेवून पळणाऱ्याने ठरवावे, असाच त्याचा अर्थ होतो. फेब्रुवारी 1999 मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, काही महिन्यांत कारगिल झाले. 25 डिसेंबर 2015 ला मोदी लाहोरला उतरले, 2 जानेवारीला पठाणकोट. किल्ली कुणाकडे आहे हे त्या लोकांना पक्के ठाऊक आहे. सुरक्षा नको असे कोण म्हणेल? पहारा वाढवा, गुन्हेगार पकडा, खटले चालवा. पण ती बोलण्यांची अट झाली की बोलणी बाँबवाल्याच्या ताब्यात जातात.

आता थोडे आपल्याबद्दल, कारण हे लिहायचे तर तेही लिहायला हवे. जुम्याला आपण पॅलेस्टाईनसाठी दुआ करतो, डोळे भरून येतात. ते खरेच असते. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला धर्म विचारून माणसे मारली. 26 गेले, त्यात आपल्या पुण्याचे दोघे होते. पर्यटकांना वाचवायला गेलेला एक काश्मिरी मुसलमान घोडेवालाही होता. निषेधाची पत्रके आपणही काढली. पण बहुतेकांत पहिले वाक्य ‘इस्लामचा याच्याशी संबंध नाही’ हेच होते. मेलेल्यांचा जिक्र दुसऱ्या परिच्छेदात! आपली सुरक्षा आधी, त्यांचे दुःख नंतर. मग ओस्लोवाल्यांना काय म्हणून नावे ठेवायची?

शाळेतल्या स्टाफरूममध्ये गाझावर मी तासन्‌तास बोलले आहे. जर्मन बेकरीवरून रिक्षाने कितीदा तरी गेले आहे. 13 फेब्रुवारीला तिथे जाऊन दोन मिनिटे उभी मात्र एकदाही राहिलेली नाही.