थोरली की धाकटी?



गेल्या शनिवारी मी चौथीच्या वर्गात फळ्यावर दोन चित्रं चिकटवली. दोन्ही लालभडक मोटरसायकली. दोन्ही इटलीतल्या, आणि त्याही एकाच कारखान्यातल्या. मी विचारलं, "जुनी का होईना, पण यातली एकच मिळणार असेल, तर कुठली घ्याल?" झालं! जवळजवळ सगळे हात पहिल्या चित्रासाठी वर. दुसरी का नको? तर म्हणे, "बाई, तिचं तोंड कसंतरीच आहे!"

गंमत म्हणजे ही दुसरी गाडी २००३ साली बाजारात आली, तेव्हा मोठ्या माणसांनीही हेच म्हटलं होतं. म्हणून आज या दोघी बहिणींची गोष्ट. थोरलीचं नाव ९१६ आणि धाकटीचं ९९९. आडनाव डुकाटी.

आधी त्यांचं घर बघू या. इटलीच्या उत्तरेला बोलोन्या नावाचं शहर आहे. तिथे १९२६ साली डुकाटी बापलेकांनी एक कंपनी काढली. मोटरसायकलची? छे! रेडिओला लागणारे भाग तयार करायची. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, त्यांच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. युद्ध संपलं तेव्हा लोकांकडे पैसा नव्हता, पण कामावर तर जायला हवं. मग १९४६ पासून या कारखान्यात एक चिमुकलं इंजिन बनू लागलं. ते साध्या सायकलला बसवायचं, की सायकल आपोआप पळायची! त्याचं नाव 'कुच्चोलो', म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. त्या पिल्लापासून ही सारी लाल मंडळी झाली.

आता थोरलीकडे वळू. ती आली १९९४ साली. ती घडवली मास्सिमो तांबुरिनी यांनी. हे गृहस्थ आधी काय करत होते, माहीत आहे? इमारती गरम ठेवणारे नळ बसवायचा त्यांचा धंदा होता! नळ वाकवता वाकवता ते मोटरसायकलींचे सांगाडे वाकवू लागले. ९१६ला त्यांनी शेजारी शेजारी दोन बारीक दिवे दिले, जणू मांजराचे डोळेच. सायलेन्सर सीटच्या खाली नेले. मागचं चाक एकाच बाजूनं, एकाच धातूच्या हातानं धरलं. त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सगळं चाक मोकळं दिसतं, आणि एक मोठा नट सोडला की ते बाहेर येतं. १९९८ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोटरसायकलींचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात ९१६ होती. म्हणजे चित्रं आणि पुतळे ठेवायच्या जागी चक्क मोटरसायकल!

आणि ती नुसती दिसायला छान नव्हती बरं का. जागतिक सुपरबाइक शर्यतीत १९९४ ते २००१ या आठ वर्षांत ती आणि तिच्यावरूनच सुधारलेली ९९६ मिळून सहा वेळा अजिंक्य ठरल्या. त्यातली चार अजिंक्यपदं कार्ल फोगर्टी या एकट्या इंग्रज स्वाराची.

आता सांगा, अशा थोरलीच्या पाठोपाठ जन्माला येणं किती अवघड!

धाकटी घडवली पिएर टेरब्लांश या दक्षिण आफ्रिकेच्या माणसानं. त्यानं ठरवलं, थोरलीची नक्कल करायची नाही. त्यानं दिवे एकावर एक ठेवले. मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरलं, कारण तशी रचना जास्त भक्कम होते. इंजिन थोरलीपेक्षा वेगळं होतं, 'तेस्तास्त्रेत्ता'. या इटालियन शब्दाचा अर्थ 'अरुंद डोकं'. त्याची ताकद १२४ अश्वशक्ती, म्हणजे थोरलीपेक्षा जास्त. शिवाय एकट्यानं बसायच्या प्रकारात सीट आणि टाकी थोडी पुढे-मागे सरकवता यायची. फूटरेस्टही हलवता यायचे. म्हणजे उंच माणूस असो की बुटका, गाडीच त्याच्या मापाची व्हायची.

पण लोक म्हणाले, "हिला तिची सर नाही." बिचारी रुसून बसली का? मुळीच नाही. २००३ साली नील हॉजसन, २००४ साली जेम्स टोसलंड आणि २००६ साली ट्रॉय बेलिस, असे तिचे तीन स्वार सुपरबाइकमध्ये अजिंक्य ठरले. चार वर्षांत तीन वेळा! तरीही २००७ साली तिच्या जागी १०९८ ही नवी गाडी आली. तिचे दिवे पुन्हा शेजारी शेजारी आणि मागचं चाक पुन्हा एका हातावर. धाकटी बाजूला सरली.

आता आपण कल्पना करू. तुमचा मोठा दादा किंवा ताई बोलोन्यात नोकरीला आहे. वय अठराच्या पुढे, लायसन्स खिशात, हेल्मेट डोक्यावर. जुन्या गाड्यांच्या दुकानात या दोघी समोर उभ्या आहेत. त्यानं कुठली घ्यावी?

पहिला प्रश्न: गाडी कशासाठी हवी? बघत बसायला, पुसून-पासून जपायला आणि एखाद्या रविवारी बाहेर काढायला हवी असेल, तर थोरली. मात्र तिच्यावर पुढे वाकून बसावं लागतं, सगळा भार मनगटांवर येतो आणि सीटखालच्या सायलेन्सरचा चटका बसतो, तो वेगळाच. पुष्कळ चालवायची असेल तर धाकटी बरी. सायलेन्सर तिच्याही सीटखालीच आहे, पण बसायला ती सोयीची, ताकदीची आणि वयानंही लहान. शिवाय जुन्या बाजारात ती साधारणपणे थोरलीपेक्षा स्वस्त मिळते. लोक तोंड बघून किंमत ठरवतात ना, त्याचा फायदा आपल्या ताईला!

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: ती सांभाळली कोणी आणि कशी? हे कळायला इंजिनात जरा डोकावू.

इंजिनात व्हॉल्व्ह असतात, म्हणजे हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी दारं. बहुतेक गाड्यांत ही दारं स्प्रिंगनं बंद होतात. दाराला स्प्रिंग लावली की ते आपोआप मिटतं ना, तसंच. पण इंजिन फार जोरात फिरू लागलं, तर स्प्रिंग मागे पडू शकते. म्हणून फाबिओ तालिओनी या इंजिनिअरनं १९५६ साली डुकाटीच्या शर्यतीच्या गाडीत वेगळीच युक्ती वापरली. दार उघडायला एक दांडी आणि ओढून बंद करायलाही दांडी! स्प्रिंगवर भरवसाच नाही. थोरली असो की धाकटी, दोघींत हीच युक्ती आहे.

हा सगळा खेळ फिरतो रबरी पट्ट्यांवर. गाडी नुसती उभी राहिली तरी हे पट्टे म्हातारे होतात. साधारण दोन वर्षांनी ते बदलावेच लागतात. पट्टा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचं वाटोळं होतं. थोरलीच्या इंजिनात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांवर क्रोमचा मुलामा असतो, तो कधी कधी सोलवटतो. हे बाहेरून दिसत नाही, इंजिन उघडूनच बघावं लागतं.

म्हणून आपल्या ताईनं रंगाची चकाकी नंतर बघावी. आधी पावत्या मागाव्यात. पट्टे कधी बदलले? व्हॉल्व्ह कधी तपासले? ज्या गाडीच्या पावत्या नीट लावून ठेवलेल्या असतील ती घ्यावी, मग ती थोरली असो की धाकटी. आणि दोघींच्याही पावत्या चोख असल्या तर? तर पहिला प्रश्न आहेच: तुला ती कशासाठी हवी?

आता एक कबुली देते. आई-बाबांनीही हे वाचावं. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची ताई आमच्याच शाळेतून पहिली येऊन गेलेली. मी त्याला सारखी म्हणायची, "अरे, तुझी ताई कशी होती!" एक दिवस तो शांतपणे म्हणाला, "बाई, ताईला सायकलची चेन बसवता येते का? मला येते." मी गप्पच झाले. वर्षभर त्याला मी त्याच्या ताईच्या मापानंच मोजत होते. त्याला स्वतःला काय येतं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. वर्गात ती दोन चित्रं लावली, तेव्हा मला तोच आठवला.

शनिवारी ही सगळी गोष्ट सांगून झाल्यावर मी पुन्हा हात वर करायला सांगितले. यावेळी निम्मे हात इकडे, निम्मे तिकडे. आणि मागच्या बाकावरून एक आवाज आला, "बाई, आधी पावत्या दाखवा!"

करून बघा: घरातली एक जुनी वस्तू निवडा. सायकल, शिलाई मशीन, घड्याळ, काहीही चालेल. ती कधी घेतली, कोणी दुरुस्त केली, कुठला भाग बदलला, हे आजी-आजोबांना विचारून वहीत लिहा. त्या वस्तूच्या पावत्याच म्हणा ना!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या,
बाई