वर्धा जिल्ह्यातील सार्वजनिक करमणुकीच्या सोयींबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
वर्धा

महोदय,

ज्या जिल्ह्यात १९७५ च्या सुमारापासून दारूबंदी अंमलात आहे, आणि जिच्या औचित्याविषयी आम्हां निवेदनकर्त्यांच्या मनात तिळमात्र किंतु नाही, त्या जिल्ह्याच्या रहिवाशांनी करमणुकीची मागणी घेऊन सरकारदरबारी यावे, हे काहींना विपरीत वाटेल. सेवाग्राम आणि पवनार ही नावे उच्चारताच साधेपणाबरोबर उदासपणाही गृहीत धरण्याची जी सवय आपल्या समाजास जडली आहे, तिचाच हा परिणाम होय. वस्तुतः १९४१ च्या डिसेंबरात सेवाग्रामहून बारडोलीस जाताना गांधीजींनी आगगाडीत 'रचनात्मक कार्यक्रम' ही जी पुस्तिका लिहिली, तिच्यातील दारूबंदीच्या प्रकरणात, काँग्रेस समित्यांनी विश्रांतीची व करमणुकीची ठिकाणे उघडावीत, थकल्याभागल्या मजुरास तेथे अंग टेकता यावे, स्वस्त व सकस फराळ मिळावा आणि मानवतील असे खेळ खेळता यावेत, अशी निःसंदिग्ध सूचना आहे. पुढे बंदीचा हुकूम जारी झाला. तिची ही जोडसूचना मात्र पुस्तिकेतच राहिली.

गुत्त्यात मनुष्य केवळ पिण्यासाठी जात नसे. दिवसभराच्या कष्टानंतर चार माणसांत बसण्यासाठीही जात असे. गुत्ता गेला, त्याबरोबर ती बैठकही गेली, आणि तिच्या जागी दुसरी बैठक घालून देण्याची तजवीज कोणीच केली नाही. हातभट्ट्या उद्ध्वस्त करणे हे पोलिसांचे काम खरे. परंतु दिवेलागणीपासून निजेपर्यंतचा जो रिकामा वेळ हातभट्टीस गिऱ्हाईक पुरवितो, त्यावर पोलीस तरी काय इलाज करणार?

सबब आमची पहिली आणि मुख्य विनंती अशी की, जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, विशेषतः हिंगणघाट, पुलगाव यांसारख्या मजुरांच्या वस्तीच्या गावी, शाळांची आवारे व १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी ग्रंथालये सायंकाळी उघडी राहतील अशी व्यवस्था जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून व्हावी. तेथे दिवाबत्ती, वर्तमानपत्रे, कॅरमचे फळे, व्हॉलीबॉलची जाळी आणि शक्य तेथे खंजिरी-टाळांचा संच असला म्हणजे पुरे. इमारतींची भव्यता आम्हांस नको. कापूस वेचून परतलेल्या बाईसाठी या जागेत आठवड्यातील काही वेळ राखून ठेवावा, कारण करमणूक हा पुरुषांचाच हक्क असल्यासारखे आपले सर्व नियोजन आजवर होत आले आहे.

दुसरी गोष्ट आपल्या अखत्यारीतील असून तीस पैसा लागत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार वर्षातील पंधरापेक्षा अधिक नाहीत इतके दिवस ध्वनिक्षेपकास रात्री दहाऐवजी बारापर्यंत सवलत देता येते. हे दिवस ठरविताना मिरवणुकांचाच विचार अधिक होतो, आणि कानठळ्या बसविणाऱ्या यंत्रांचे फावते. यांतील दोन-तीन दिवस तरी नाटक, खडी गंमत, दंडार व कीर्तन यांच्यासाठी राखावेत. खडी गंमत दहा वाजता बंद करणे म्हणजे ती रंगू लागताच मोडणे होय. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. तेथे स्वच्छतागृहे, पाणी आणि परतीच्या एस.टी. गाड्या यांची तरतूद दरसाल अगोदर व्हावी.

वर्धा शहराने १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या आणि २०२३ मध्ये नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय साहित्य संमेलनांचे आतिथ्य केले. २०२३ चा मंडप स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर उभारला गेला व यथाकाल उतरला. हौशी नाट्यमंडळींना तालमीसाठी व प्रयोगासाठी परवडेल अशा दराने सभागृह मिळण्याचा प्रश्न मात्र अशा उत्सवांनी सुटत नाही. त्यासाठी भाड्याचा सवलतीचा दर ठरवून तो जाहीर करावा. मैदानांविषयी तर घाईच केली पाहिजे. १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित न झाल्यास मालकास खरेदीची सूचना बजावता येते, आणि पुढील ठरीव मुदतही वाया गेली की आरक्षण व्यपगत होते. म्हणून उद्याने व क्रीडांगणे यांसाठी आरक्षित सर्व भूखंडांची यादी, मुदतीच्या तारखांसह, नगरपरिषदेच्या फलकावर लावण्यात यावी. १९९२ च्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत या सोयींचा स्पष्ट उल्लेख केला असल्याने, ही कामे ऐच्छिक सदरातील म्हणून मागे ठेवणे आता शोभत नाही.

शहराबाहेर पवनारला धामेचे पात्र पावसाळ्यात फसवे होते. घाटावर जीवरक्षक व इशाऱ्याचे फलक कायम असावेत. १२ फेब्रुवारीच्या मेळ्यापुरताच या नदीचा विचार होऊ नये. बोरच्या अभयारण्यास २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. परंतु रानडुकरे आणि रोही ज्यांच्या शेतात शिरतात, त्या लगतच्या गावांतील मुलांना ते अरण्य आतून पाहण्याचा योग क्वचितच येतो. या शाळकरी मुलांसाठी वनविभागाशी बोलून वर्षातून एक विनामूल्य फेरी ठरवावी, एवढेच आमचे मागणे आहे.

वरील बाबींवर विचार करण्यासाठी नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, वनविभाग, एस.टी. महामंडळ व ग्रंथालय अधिकारी यांची एकत्र बैठक पुढील अंदाजपत्रकापूर्वी बोलवावी, तीत आमच्या प्रतिनिधींस हजर राहू द्यावे आणि झालेला निर्णय लेखी कळविण्याची मेहेरबानी व्हावी.

आपले नम्र,
वर्धा शहर व जिल्ह्यातील रहिवासी
(सह्यांचे कागद सोबत जोडले आहेत)