नवऱ्यालाही तोच नियम

स्टोइक विचार म्हणजे मन शांत ठेवण्याची युक्ती, अशी समजूत सध्या फार पसरली आहे. मार्कस ऑरेलियस आणि सेनेका वाचले जातात तेही बहुधा त्याचसाठी. त्याच परंपरेतला मुसोनियस रुफस मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. खरे तर सुरुवात त्याच्यापासून करायला हवी.

पहिल्या शतकातल्या रोममध्ये मालकाने आपल्या गुलाम स्त्रीशी संबंध ठेवले, तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मुसोनियसने शिष्यांपुढे सरळ सवाल टाकला: हेच घरच्या मालकिणीने गुलाम पुरुषाबरोबर केले, तर चालेल का? नवऱ्याला ते खपणार नसेल, तर त्यानेही तसे वागता कामा नये. आणि पुरुष स्वतःला श्रेष्ठ म्हणवत असेल, तर संयमही त्याचाच जास्त हवा. यातून पळवाट काढणे आजही कठीण आहे.

मुलींना मुलांसारखेच शिक्षण द्या, असे तो सांगे. विवेकबुद्धी दोघांनाही सारखीच मिळाली आहे. थोरल्यांच्या वाट्याला जास्त संपत्ती यावी म्हणून धाकटी मुले टाकून देणाऱ्या श्रीमंतांची त्याला विशेष चीड होती. गुलामगिरीच मोडावी, इथपर्यंत मात्र तो गेला नाही. ही त्याची मर्यादा मान्य करावीच लागते.

65 साली सम्राट नीरोने त्याला एजियन समुद्रातल्या ग्यारोस या ओसाड बेटावर हद्दपार केले. विसाव्या शतकात ग्रीक सरकारनेही राजकीय कैदी याच बेटावर ठेवले होते.

नीरो मेल्यावर तो परतला. 69 साली सम्राटपदासाठीच्या यादवी युद्धात व्हेस्पासियनची फौज रोमच्या वेशीवर येऊन ठेपली, तेव्हा सिनेटच्या शिष्टमंडळाबरोबर तो त्या फौजेकडे गेला आणि हत्यारबंद शिपायांत मिसळून शांततेचे मोल सांगू लागला. कोणी हसले, बरेच जण कंटाळले, काही तर त्याला तुडवायच्याच बेतात होते. समजूतदारांनी आवरले, तेव्हा कुठे तो थांबला. इतिहासकार टॅसिटसने याला अवेळचे शहाणपण म्हटले आहे. हा शेरा अन्यायाचा आहे. त्यानंतर लगेच रोमच्या रस्त्यांवर कत्तल झाली. ती टाळा म्हणून सांगायला यापेक्षा योग्य वेळ कोणती होती?

पुढच्याच वर्षी त्याने सिनेटपुढे एग्नेशियस केलरला खेचले. नीरोच्या काळात बेरिया सोरानसविरुद्ध केलरने खोटी साक्ष दिली होती. त्या खटल्यात सोरानस आणि त्याची तरुण मुलगी सर्व्हिलिया या दोघांनाही जीव गमवावा लागला. केलर स्वतःला स्टोइक म्हणवत असे. मुसोनियसने आपल्या पंथाचा म्हणून त्याची गय केली नाही आणि त्याला शिक्षा झाल्यावरच तो स्वस्थ बसला.