पुढच्या चाकाचे गाऱ्हाणे

घरात कोणी आजारी पडले म्हणजे वैद्य प्रथम काय विचारतो, हे वाचकांस ठाऊकच आहे. दुखते कोठे, हे तर तो विचारतोच. परंतु त्याहून अधिक खोलात शिरून तो विचारतो की, दुखते केव्हा? जेवणापूर्वी की जेवणानंतर, चालताना की निजल्यावर, पहाटे की तिन्हीसांजा? आजकाल पुष्कळ कुटुंबांत मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती घरातले एक माणूसच होऊन बसली आहे, आणि माणसाप्रमाणेच तीही अधूनमधून आजारी पडते. पण तिच्या दुखण्याविषयी बोलताना आपण 'कोठे' ह्या एकाच प्रश्नाभोवती घुटमळतो. त्यापायी पैसा जातो, आणि क्वचित जिवावरचा प्रसंगही ओढवतो. आमच्या वाशीम येथील घरी असा प्रसंग येता येता टळला, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

चिरंजिवांची मोटार सहा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिच्या पुढच्या डाव्या चाकाकडून 'ठक् ठक्' असा आवाज येऊ लागला. तो सतत येत नसे; मध्येच येई आणि मध्येच नाहीसा होई. चिरंजिवांनी नोकरीच्या गावी आपल्या नेहमीच्या गॅरेजात गाडी दाखविली. तेथील मंडळींनी तिची एक फेरी मारून सांगितले की, लिंक रॉड गेले आहेत, लोअर आर्मचे बुशही गेले असावेत, आणि हात घातलाच आहे तर दोन्ही शॉकअप बदललेले बरे. एकूण खर्च एकवीस हजार. चिरंजिवांनी त्यांपैकी लिंक रॉड तेवढे बदलून घेतले. पैसे गेले, आवाज राहिला.

इतक्यात कारंज्यास जावयाचे ठरले. कारंजे हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. नात सहा महिन्यांची होताच तिला तेथील गुरुमंदिरात नेऊन आणावी, ही आमच्या सौभाग्यवतींची फार दिवसांची इच्छा. पण सूनबाईंनी स्पष्टच सांगितले, "बाबा, तो आवाज कसला आहे हे कळल्यावाचून मी बाळाला घेऊन गाडीत बसणार नाही." मला हे बोलणे अगदी रास्त वाटले. मागचे दार खडखडत असते तर कानाआड करता आले असते. पुढच्या चाकाचे तसे नाही.

ते का, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. बैलगाडीच्या चाकाला एकच काम असते, भार घेऊन फिरण्याचे. गाडी ओढावयास बैल, वळवावयास बैल, आणि थांबवावयासही बैलच. कार्ल बेन्झ ह्या जर्मन गृहस्थाने १८८६ साली ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तिचे पुढचे एकुलते एक चाक दिशा दाखविण्यापुरतेच होते. गाडी पुढे ढकलण्याचे काम मागच्या दोन चाकांकडे असे. आपल्याकडची ॲम्बॅसडर, जिचे उत्पादन २०१४ साली थांबले, तीही मागच्याच चाकांच्या जोरावर चाले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार मध्यमवर्गाच्या दारी उभी राहू लागली. आज बहुतेक लहान मोटारी ह्याच जातीच्या आहेत. परिणामी पुढच्या चाकावर चार कामे येऊन पडली: भार घ्यावयाचा, वळावयाचे, गाडी ओढावयाची, आणि ब्रेक दाबताच थांबावयाचे. ब्रेक लागताना भार पुढे झुकतो, म्हणून थांबविण्याचा मोठा वाटाही पुढच्याच चाकांकडे येतो. प्रत्येक कामाचे सांधे निराळे. भारासाठी स्प्रिंग व शॉकअप, वळण्यासाठी टाय रॉड व बॉल जॉइंट, ओढण्यासाठी सी. व्ही. जॉइंट, थांबण्यासाठी डिस्क, पॅड व कॅलिपर. हातभर जागेत इतकी मंडळी दाटीने बसलेली असता त्यांतला कोण कुरकुरतो, हे नुसत्या कानाने कसे ओळखावे?

कान तर येथे फसवतोच. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. पोलादातून तो ५,००० मीटरांहूनही अधिक वेगाने धावतो. चाकापाशी बसलेला ठोका गाडीच्या दांड्यांतून व पत्र्यांतून क्षणार्धात सर्वत्र पसरतो, आणि आत बसलेल्याला तो पायाखाली, दारात, नाही तर पुढच्या खणात झाल्यासारखा वाटतो. चिरंजीव म्हणत, डावीकडून येतो. सूनबाई म्हणत, बॉनेटखालून. आमच्या एका वकीलमित्रांना तर तो चक्क मागून ऐकू आला. तिघेही खरे बोलत होते, आणि तिघांच्याही साक्षीचा उपयोग नव्हता.

आपल्या नैयायिकांनी कार्यकारणाचा संबंध पडताळण्यास दोन वाटा सांगितल्या आहेत, अन्वय आणि व्यतिरेक. अमुक असता तमुक होते, हा अन्वय. अमुक नसता तमुक होत नाही, हा व्यतिरेक. माणसाचा स्वभाव असा की अन्वय त्याला पटकन दिसतो आणि व्यतिरेक पाहावयास तो थांबत नाही. मी एक कोरी वही घेतली आणि तिच्यात दोन रकाने पाडले: आवाज येतो केव्हा, आणि येत नाही केव्हा. चिरंजिवांना हसू आले. पण लहानपणी माझ्याच वर्गात बसलेले असल्यामुळे ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या रकान्यातली पहिली नोंद त्यांच्याच आठवणीतून मिळाली. आमच्या जिल्ह्यातून जो समृद्धी महामार्ग जातो, त्यावर शंभराच्या वेगाने गाडी चालली असता आवाज मुळीच येत नसे. नोंद लहान, पण तिने निम्मे काम केले. लहान मोटारीच्या चाकाचा परीघ दोन मीटरांहून थोडा कमी असतो. म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगात चाक सेकंदाला सुमारे तीन फेरे घेते, ४० च्या वेगात सहा. आवाज फिरणाऱ्या भागाचा असेल तर त्याच्या ठोक्यांनी ह्याच हिशेबाने वाढले पाहिजे. गुळगुळीत रस्त्यावर चाक भरधाव फिरत असूनही मुकाट राहते, त्या अर्थी बेअरिंगचा दोष बहुधा नव्हे. नंतर मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पुरते वळवून दोन्ही अंगांनी गोल फेरे घेतले, सी. व्ही. जॉइंट झिजला असता होणारी 'टकटक' आली नाही. गाडी उभी ठेवून स्टीअरिंग फिरविले. स्प्रिंगचा टणत्कारही नाही. आवाज येई तो खडबडीत रस्त्यावर, आणि तोही संथ वेगात.

अशा रस्त्याची आमच्याकडे वाण नाही. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचे डांबर लाटा धरते. जोडीला गतिरोधक आहेतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच व गोलसर पाठीचा असावा. पण गावोगावच्या वेशीवरचे उंचवटे पाहता तो नियम तेथवर पोचला नसावा असे वाटते. असो. मंगरूळपीरच्या रस्त्याने आम्ही दोन वेळा जाऊन आलो. मागे बसलेल्या सौभाग्यवती सारा वेळ गप्प होत्या. परतताना त्या म्हणाल्या, "अहो, गतिरोधक एवढा मोठा, पण त्यावर हे चाक बोलत नाही. पुढच्या बारीक खडबडीतच बोलते."

मी चिरंजिवांकडे पाहिले. ते म्हणाले, "गतिरोधकावर माझा पाय ब्रेकवर असतो, आई."

व्यतिरेक सापडला तो हा. मागेपुढे वाहन नाही असे पाहून आम्ही त्याच खडबडीत तुकड्यावरून त्याच वेगाने चार फेऱ्या केल्या, दोन मोकळ्या आणि दोन ब्रेक हलकेच दाबून. मोकळ्या फेऱ्यांत चाक ठकठकले. ब्रेक दाबताच मुके झाले. लिंक रॉड वा शॉकअप ब्रेकच्या भिडेने गप्प बसणारे नव्हेत.

गावातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे आम्ही गाडी नेली. मी काही सांगू लागताच ते म्हणाले, "गुर्जी, कोठून येते थे नोका सांगू. कवा येते थे सांगा." न्यायशास्त्राचे इतके नेमके सूत्र मी पुष्कळ दिवसांत ऐकले नव्हते. ब्रेकची हकीकत कानी पडताच त्यांनी मुलाला जॅक व पाना आणावयास सांगितले. चाक उचलून प्रथम वरखाली, मग आडवे धरून हलवून पाहिले. कोठेही ढिलाई नाही. मग चाक उतरविले.

डिस्क ब्रेकची रचना थोडक्यात अशी. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. तिच्या कडेवर चिमट्यासारखा कॅलिपर बसविलेला असतो आणि त्याच्या आत दोन बाजूंस दोन पॅड असतात. ब्रेक दाबला की पॅड तबकडीस आवळतात. आमच्या गाडीत हा कॅलिपर दोन बोल्टांनी जागी राहतो. मिस्त्रींनी खालच्या बोल्टाला पाना लावलाच नाही. दोन बोटांनी फिरविला आणि तो हातात आला. शेवटच्या एकदोन आट्यांवर तो तग धरून होता. ब्रेक दाबला असता पॅड तबकडीला धरून ठेवीत, म्हणून सैल झालेला कॅलिपर गप्प राही. पाय उचलला की तो खडबडीत रस्त्यावर डोलू लागे. बोल्ट गळून पडला असता तर कॅलिपर वरच्या बोल्टाभोवती फिरून चाकाच्या आतल्या कडेवर आदळला असता, ब्रेकची नळी फाटली असती, किंवा चाकच जाम झाले असते. चार महिन्यांपूर्वी पॅड बदलले तेव्हा हा बोल्ट पुरता आवळला गेला नव्हता. ते काम कोणी केले, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

रथाच्या आखाच्या टोकाला, चाक निसटू नये म्हणून जी खीळ घालीत, तिला संस्कृतात 'आणि' असे नाव आहे. मराठीतल्या उभयान्वयी 'आणि'शी तिचे नाते नाही. पण काम मात्र दोघींचे एकच, जोडलेले सुटू न देण्याचे. तो बोल्ट मी घरी आणून सूनबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता परत दिला. मिस्त्रींनी दोन्ही चाकांचे चारही बोल्ट नवे घालून मापाने आवळून दिले. सर्व मिळून खर्च हजाराच्या आत आला, आणि ठकठक थांबली.

आपली भाषा ध्वन्यनुकारी शब्दांनी भरलेली आहे, तिचा अशा वेळी उपयोग करावा. नुसते 'आवाज येतो' असे मिस्त्रींना सांगू नये. वेगाबरोबर चढत जाणारी 'घूंघूं' बहुधा बेअरिंगची. वळणावरची 'टकटक' सी. व्ही. जॉइंटची, बारीक खड्ड्यांवरची 'खडखड' पुष्कळदा लिंक रॉडची किंवा बुशांची, ब्रेक लावताना होणारी 'करकर' झिजलेल्या पॅडची. आणि शब्दाबरोबर 'केव्हा' हे जरूर सांगावे.

एका आवाजाच्या बाबतीत मात्र वही काढीत बसू नये. चाक नुकतेच काढून बसविलेले असेल, आणि त्याच्या फेऱ्याबरोबर 'धप् धप्' होऊन स्टीअरिंग थरथरू लागले, तर चाकाचे नट सैल झाले असण्याचा संभव असतो. गाडी तत्काळ रस्त्याच्या कडेस घेऊन थांबवावी. नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकवार पाहावे. कारंज्याच्या वाटेवर मंगरूळपीरला आम्ही चहासाठी थांबलो, तेव्हा चिरंजिवांनी पाना काढून नट तपासले. सूनबाई बाळाला कडेवर घेऊन शेजारी उभ्या होत्या, आणि डावे चाक झाल्यावर त्यांनी उजव्याकडे बोट दाखविले.