भाच्यानं घेतलेली परीक्षा

परवा भाच्यानं माझी परीक्षा घेतली आणि मामा सपशेल नापास झाले!

झालं असं, की गेले वर्षभर मी घरात सगळ्यांना हाय-रेझोल्यूशन ऑडिओचं माहात्म्य सांगतोय. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) कॉलेजात असताना मित्राच्या कॅसेटवरून भरून घेतला होता. तोच आता २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये ऐकला. 'टाइम'मधली घड्याळं वाजली आणि अंगावर काटा आला. मग काय, नवा डॅक, नवे हेडफोन... (किती गेले ते लिहीत नाही, बायको ब्लॉग वाचते.)

भाच्यानं त्याच फाइलपासून सीडीच्या दर्जाची, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची प्रत बनवली. दोन्हींचा आवाज सारखा ठेवून, न सांगता दहा वेळा वाजवलं. माझी पाच उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती!

रागावून वाचायला बसलो. सीडीत साधारण २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. तरुण कान ऐकतो २० हजारापर्यंत, पन्नाशीतला त्याहून बराच कमी. १६ बिटांत ९६ डेसिबलचा चढउतार बसतो. रॉकला तो भरपूर झाला.

मग माझा काटा खोटा होता का? मुळीच नाही. फक्त त्याचं श्रेय मी आकड्यांना देत होतो. खरी करामत मास्टरिंगची. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) आठवा. सीडीवर सगळंच इतकं जोरात दाबून बसवलं होतं, की ड्रम फाटल्यासारखे वाजायचे. तीच गाणी 'गिटार हिरो' या खेळात मोकळी वाजत होती, म्हणून चाहत्यांनी बोंब मारली. दाबलेलं मास्टर १९२ किलोहर्ट्झमध्ये भरलं तरी दाबलेलंच राहणार. हाय-रेझच्या नावाखाली कधीकधी मोकळं मास्टर मिळतं, हाच काय तो फायदा. तेव्हा पैसे घालायचेच तर चांगल्या हेडफोनवर घाला.

आणखी एक. डॅकच्या निमित्तानं मी कित्येक वर्षांनी अख्खा अल्बम फोन बाजूला ठेवून ऐकला. परीक्षा संपल्यावर भाचाही शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

कोणती फाइल होती, दोघांनीही विचारलं नाही.