तडा नेमका कोणाला?

'बाईची अब्रू म्हणजे काचेचे भांडे' असे आपण सहज बोलून जातो. या एका वाक्यात किती मोठा अन्याय दडलेला आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. दुष्कृत्य करणारा दुसराच; तडा जातो तो मात्र तिच्या देहाला! 'अब्रू लुटली', 'शील भ्रष्ट झाले' हे शब्दप्रयोगही त्याच कुळातले. घरफोडी झालेल्या घराला कोणी कलंकित म्हणत नाही.

1972 साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीने पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याची तक्रार केली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. देशभर उसळलेल्या क्षोभानंतर 1983 मध्ये कायदा बदलला. तथाकथित 'दोन बोटांची चाचणी' स्त्रीच्या प्रतिष्ठेवर घाला घालते, हे न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले आणि 2022 मध्ये पुन्हा बजावले. तिच्या देहाला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढण्यास कायद्याला इतकी दशके लागली.

परंतु घरातील आरशाचे काय? पीडितेला पुष्कळदा स्वतःच्याच शरीराची किळस वाटू लागते. कोणी वारंवार स्नान करते, कोणी आरसा टाळते, कोणी ढगळ कपड्यांत स्वतःला लपवते. कोणाची नजर पडू नये म्हणून एखादी अन्न तोडते, तर एखादी खात सुटते. बालपणीचे लैंगिक शोषण आणि पुढील आयुष्यातील आहारविकार यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. आपण मात्र त्याला 'नखरे' म्हणून मोकळे होतो. अशा प्रत्येक वर्तनामागे अत्याचारच असतो असे नव्हे. पण विचारपूस न करताच रागावणे हा निश्चितच अपराध आहे.

इंद्राच्या कपटाला बळी पडलेल्या अहल्येचे नाव पंचकन्यांत प्रथम घेणारा आपला समाज. तरीही शिळा व्हावे लागले ते तिलाच! आपल्या घरातील लेकीवर ही वेळ येऊ द्यायची नसेल, तर 'कोणते कपडे होते?' हा प्रश्न आपल्या ओठांवर येता कामा नये. तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे, वैद्यकीय साहाय्य मिळवून द्यावे, कायद्याचा मार्ग धरण्यास पाठबळ द्यावे. आणि आई-वडिलांनी तिला निःसंदिग्ध शब्दांत सांगावे, 'बाळ, तुझ्या देहाचा यात काहीही दोष नाही.' कलंक लागलाच असेल, तर तो अत्याचाऱ्याला.