जास्त व्होल्ट, बारीक तार

घटक चाचण्यांचा हंगाम आला की विजेच्या तारेवरचा पक्षी नववीच्या प्रश्नपत्रिकेत हमखास येऊन बसतो. या आठवड्यात सानपाड्यातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरलेल्या एका आदर्श उत्तरपत्रिकेत, त्याला झटका का बसत नाही याचे कारण ‘पक्ष्याचे पाय विसंवाहक असतात’ असे छापले असून त्या उत्तराला दोनपैकी दोन गुणही राखून ठेवले आहेत. पाठांतरावर या स्तंभात वारंवार होणारी टीका काही वाचकांना एकसुरी वाटते. असली उत्तरे छापली जातात तोवर सूर बदलण्याचे कारण दिसत नाही.

विद्युतधारा वाहते ती दोन बिंदूंमधील विभवांतरामुळे, आणि विभवांतर म्हणजे एकक धन प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेण्यासाठी करावे लागणारे कार्य. सानपाडा स्थानकावरील तार जमिनीच्या तुलनेत २५,००० व्होल्टवर असली, तरी तिच्यावर बसलेल्या कबुतराचे दोन्ही पाय एकाच तारेला टेकलेले असतात. त्यांच्यामधील पाचेक सेंटिमीटर तांब्याचा रोध इतका नगण्य असतो की तारेतून शंभर-सव्वाशे अँपिअर धारा जात असतानाही दोन पायांमधील विभवांतर एका मिलिव्होल्टच्या आसपासच राहते. तेच कबुतर तारेवर बसल्या बसल्या शेजारच्या लोखंडी खांबाला पंख लावते तेव्हा मात्र ते मरते, आणि त्या क्षणीही त्याचे पाय पूर्वीचेच असतात.

विद्युत शिक्षणाचा खरा धडा त्या कबुतरापेक्षा तारेत अधिक आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट दिष्ट धारेवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेवर. त्याच हार्बर मार्गाचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती धारेवर, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करीत दिशा बदलणाऱ्या धारेवर, रूपांतर एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाले. व्होल्ट जवळजवळ सतरापट झाले म्हणजे तारही जाड करावी लागली असेल, असे कोणत्याही विद्यार्थ्याला वाटावे. झाले ते नेमके उलटे. प्रत्यावर्ती पद्धतीची स्पर्शतार, म्हणजे गाडीच्या डोक्यावरील पँटोग्राफ जिला घासत जातो ती तार, १०७ चौरस मिलिमीटर छेदाची असते, आणि दिष्ट धारेच्या काळातील तारा तिच्याहून पुष्कळ जाड होत्या.

हे कोडे वहीच्या अर्ध्या पानावर सुटते. शक्ती म्हणजे विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार. म्हणून उदाहरणापुरते असे धरावे की भरलेल्या लोकलला वेग घेताना ३० लाख वॅट शक्ती लागते. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० अँपिअर धारा लागेल, २५,००० व्होल्टवर केवळ १२०. ज्यूलच्या नियमानुसार तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तारेचा रोध दोन्ही वेळी ०.१ ओहम मानला, तर पहिल्या पद्धतीत चार लाख वॅट निव्वळ तार तापवण्यात जातील आणि दुसऱ्या पद्धतीत अवघे १४४०. शिवाय ओहमच्या नियमाने पाहता, पहिल्या तारेच्या टोकाशी १५०० पैकी २०० व्होल्ट वाटेतच गळालेले असतील, तर दुसऱ्या तारेच्या टोकाशी २५,००० पैकी फक्त १२. दिष्ट धारेची उपकेंद्रे दर काही किलोमीटरवर उभारावी लागत आणि आता ती कितीतरी लांब अंतरावर पुरतात, याचे कारण या दोन आकड्यांत आहे. तारेची जाडी ठरते ती धारेवरून. व्होल्टवरून ठरते ते तिचे विसंवाहन, आणि म्हणूनच तार बारीक झाली तरी तिला खांबापासून अलग ठेवणारे विसंवाहक अधिक लांबीचे बसवावे लागले.

एवढा फायदा होता तर १९२५ मध्येच तो का घेतला नाही, असे विचारणारा विद्यार्थी वर्गात असल्यास त्याला गप्प बसवू नये. रोहित्र, म्हणजे विभवांतर कमी-अधिक करणारे साधन, विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालते, आणि त्यासाठी धारा सतत बदलती असावी लागते; गाडी ओढण्यास सोयीच्या त्या काळच्या मोटारी मात्र दिष्ट धारेवर चालणाऱ्या होत्या. आजची लोकल उच्च विभव आपल्याच अंगावरील रोहित्रात उतरवते, ती धारा आधी दिष्ट आणि मग मोटारींना हवी तशी करून घेते, आणि वापरलेली धारा चाकांतून रुळांत सोडून उपकेंद्राकडे परत धाडते. वर एकच तार दिसत असूनही परिपथ पूर्ण होतो तो असा.

उच्च विभवाची किंमतही आहे. अशा तारेला स्पर्श करण्याची गरज नसते. पुरेसे जवळ गेलेल्या शरीराकडे धारा हवेतून ठिणगीच्या रूपाने झेप घेते, आणि म्हणूनच त्या तारेपासून दोन मीटर दूर राहण्याचा दंडक आहे. उभ्या मालगाडीच्या वाघिणीवर चढून छायाचित्र काढणाऱ्या मुलाला ‘रबरी तळव्याचे बूट असले की काही होत नाही’ असे वाटत असेल, तर ते वाटणे आणि विसंवाहक पायांचे ते दोन गुणांचे उत्तर एकाच कारखान्यातून निघालेले आहे.

‘धाराविद्युत’ प्रकरण शिकवताना अमीटर आणि व्होल्टमीटर कपाटाबाहेर येत नाहीत, आणि बहुतेक शाळांमध्ये त्या कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या शिक्षकाकडेच असते, हा या स्तंभाचा जुना आरोप आहे. त्याची आकडेवारी कोणी मागू नये. सानपाड्याच्या मुलांना तर कपाटाचीही गरज नाही, कारण मध्य रेल्वेची कारशेड त्यांच्या वस्तीलगत आहे, जिथे छतावर पँटोग्राफ आणि गाडीखाली मोटार अशी संपूर्ण साखळी एका गाडीत पाहता येईल. तिथे वर्ग नेण्यास परवानगी मिळणे कठीण असते, असे शाळा सांगतात. वॉटरपार्कच्या सहलीचे संमतिपत्र मात्र दिवाळीआधीच दप्तरातून घरी येते, आणि त्यावर पालकांची सहीही त्याच रात्री होते.